नाकातली हवा

माणसाची वाचा गेली की सगळं गाव त्याच्याशी ओरडून बोलायला लागतं. का, ते देव जाणे. कान शाबूत, डोळे शाबूत, डोकं तर पहिल्यापेक्षा जास्त चालतं, कारण त्याला दुसरं कामच उरलेलं नसतं, पण भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीजवळ वाकतो आणि कानात हाका मारतो, "ओळखलं का मले? वकीलसाहेब, ओळखलं का?" हेमचंद्र वकिलांनी त्याला तो दारात चपला काढत होता तेव्हाच ओळखलेलं असायचं. त्याच्या बापाचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा किती वर्षं रेंगाळला आणि शेवटी कुणी कुणाला चहा पाजून मिटवला, तेही आठवलेलं असायचं. पण तोंडातून निघायचं ते एवढंच, "ता. ताता."

दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. म्हणाल, मग लिहून का दाखवत नव्हते? अहो, अक्षरंही गेली. डाव्या हातात पेन दिला तर कागदावर नुसत्या रेघोट्या. साधं हो-नाहीसुद्धा भरवशाचं राहिलं नव्हतं. 'नाही' म्हणायला जावं तर मान भलतीकडेच हलायची. अकोल्याच्या कोर्टात ज्या माणसाच्या उलटतपासणीला साक्षीदार चळचळा कापायचे, त्याची ही गत. घरच्यांनी मग एक धोरण ठेवलं: वकिलांच्या वतीनं अर्ज आपणच करायचा आणि मंजूरही आपणच करायचा. बायको रमा शाळेतून निवृत्त झालेली, मुळात हुकमी स्वभावाची. तिला ते काम जड गेलं नाही.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत ऑटो शिरला तर म्हैस बाजूला बांधावी लागते, आणि तिथे हा माणूस दोन सीटची, जमिनीला चिकटलेली, पिवळी जपानी स्पोर्ट्स कार पाळून होता. मुंबईच्या कुणा जहाजावरच्या अधिकाऱ्याकडून घेतलेली. तेव्हाच ती जुनी होती. बटण दाबलं की तिचे दिवे बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर यायचे, म्हणून गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणायची. वकिलांनी तिला कधी कुणा मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. पोटच्या पोराचाही नाही. शुभंकर लहानपणी बॉनेटजवळ जरा रेंगाळला की ओसरीवरून आवाज यायचा, "लांब." एवढाच शब्द, पण तो पुरायचा.

त्या गाडीची खोड अशी की इंजिन मागे, सीटांच्या पाठीशी, आणि रेडिएटर पुढे, नाकात. मधे पोटाखालून दोन लांब पाइप. इंजिन थंड ठेवणारं कूलंट जुनं झालं की ते सगळं काढायचं, आतून धुवायचं आणि नवं भरायचं. खरी मेख तिथेच होती. भरायचं तोंड मागे, आणि हवा जाऊन बसायची पुढे, नाकात. हवा अडकली की पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरलं नाही की इंजिन शिजतं. त्यासाठी वकिलांनी स्वतःची एक तऱ्हा शोधून काढली होती. ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनच्या दोन कोऱ्या नळ्या आणल्या होत्या. पुढे हवा सोडायचे दोन स्क्रू होते, त्यांना त्या नळ्या लावायच्या, त्यांची टोकं उघड्या बॉनेटला उंच बांधायची आणि मागून घोटाघोटानं भरत बसायचं. नळ्यांतले बुडबुडे थांबेपर्यंत वकील स्टूल टाकून नुसते बघत बसत. बघणारे म्हणायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसतात; रमा आणि शुभंकर तेव्हा शाळेत असायचे. त्या नळ्या गाडीच्या पडवीत एका खिळ्याला गुंडाळून टांगलेल्या असत.

मे महिन्यातला रविवार होता. शुभंकर अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवतो. बायको इशिताला घेऊन तो आदल्या दिवशी आला होता, आणि या खेपेला त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं: बाबांना पंधरा दिवस अमरावतीला न्यायचं, आणि तेही त्यांच्याच बेडकीतून. रमा आणि इशिता दुसऱ्या गाडीनं पुढे जातील, व्हीलचेअर आणि सामान घेऊन. मागून हे दोघं, बाप आणि लेक. गाडी दीड वर्ष उभी होती. बॅटरी नवी टाकली, पेट्रोल बदललं, टायरांत हवा भरली. कूलंट तेवढं राहिलं होतं.

"बाबा, आज बेडकीचं पोट साफ करायचं," शुभंकर म्हणाला आणि त्यानं व्हीलचेअर पडवीच्या तोंडाशी आणून लावली. "तुम्ही नुसते बघत बसा. तीन व्हिडिओ पाहिलेत मी."

वकिलांचा व्हिडिओंवर काडीचा भरवसा नव्हता. पण पोरगा शहाण्यासारखा काम करत होता, हे त्यांना कबूल करावं लागलं. इंजिन गार असतानाच त्यानं सुरुवात केली. नाकाखाली टब ठेवून पुढचा बोल्ट सोडला, मग मागे सरपटत जाऊन इंजिनाखालचेही सोडले. कडक चहासारखं तपकिरी पाणी निघालं. घाणीनं भरलेला टब त्यानं उघडा ठेवला नाही, कुत्र्यामांजरानं ते विष पिऊ नये म्हणून वर पाटी झाकली. मग तो बोअरच्या नळाकडे गेला आणि वकील डोळे ताणून बघायला लागले. बोअरचं पाणी खारं. मोटर बंद करून बादली वाळू द्या, तळाला पांढरा थर. ते या इंजिनात गेलं तर संपलंच.

शुभंकरनं नळाखाली फक्त हात धुतले. "काळजी करू नका बाबा. बोअरचं नाही टाकत. डिस्टिल्ड आणलंय, बॅटरीवाल्याकडून, चार कॅन."

झटक्यानंतर वकिलांना रडू कशानंही यायचं. ते आलं. शुभंकरनं रुमालानं त्यांचे गाल पुसले आणि स्वतःही दुसरीकडे बघितलं. आत डिस्टिल्ड पाणी घालून, फिरवून, काढून त्यानं इंजिन धुतलं. शेवटी पाणी नितळ निघालं. वकील मनात म्हणाले, शाब्बास. आता नळ्या. मागे बघ, खिळ्याला.

आणि तेवढ्यात रमा चहा घेऊन आली.

तिनं कप ठेवला, वर बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "अगं बाई, हे अजून इथंच?"

वकील दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी रमानं दवाखान्याची एकूण एक वस्तू घराबाहेर काढली होती. औषधांचे खोके, पलंगाखालचं भांडं, सगळं. तिची आपली एक समजूत होती की दवाखान्यातली वस्तू घरात राहिली तर ती माणसाला परत तिकडे नेते. शिकलेली बाई, तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण त्या दीड वर्षात ती असल्या गोष्टींना घट्ट धरून होती, आणि कुणी तिला टोकलं नाही. तिनं त्या नळ्या खिळ्यावरून दोन बोटांनी काढल्या. दारात नेमकी कचऱ्याची घंटागाडी वाजत होती.

"ता! ताता! ता!"

"आई, टाक लवकर," शुभंकर म्हणाला. "त्यांना बघवत नाहीत त्या."

रमा गेली आणि हात झटकत परत आली. घंटागाडी पुढच्या दारी जाऊन वाजायला लागली. वकिलांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. एक वाक्य त्यांच्या डोक्यात अगदी नीट, पूर्णविरामासकट तयार होतं: अरे, ती माझी हत्यारं आहेत, दवाखान्याची नाहीत. ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिथून "ता" झालं.

शुभंकरनं मागच्या तोंडात नवं कूलंट ओतायला घेतलं. निम्मं डबडं जाईपर्यंत तोंडाशी आलं. तो थांबला, वाकून बघितलं, पाइप दाबले, आणखी थोडं घातलं. "बारा लिटर लागतं म्हणत होते. सातातच भरलं की. पाइपात थोडं जुनं राहिलं असेल."

उरलेल्या पाच लिटरची जागा कशानं अडवली होती ते वकिलांना ठाऊक होतं. तेवढी हवा नाकात बसली होती. त्यांनी डावा हात उचलला आणि गाडीच्या नाकाकडे दाखवलं. परत दाखवलं. शुभंकरनं हाताच्या रोखानं बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"दिवे! दिवे बघायचेत तुम्हाला."

त्यानं आत वाकून बटण दाबलं. बेडकीनं दीड वर्षानं डोळे उघडले. फाटकाशी जमलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, इशितानं मोबाइलवर फोटो काढला, आणि वकील मधोमध खुर्चीत बसून नाकाकडे हात करत राहिले. हात खाली येईना तेव्हा रमा जवळ आली. तिनं त्यांचं मनगट धरून नाडी बघितली.

"लाल झालेत बघ. प्रेशर वाढवून घेतील. त्यांना आत घे. मी गोळी देते."

दोष कुणाला देणार? सगळे त्यांच्यासाठीच राबत होते. कुणी एकानं जरी त्या दिवशी आळस केला असता तर बरं झालं असतं. आतल्या पलंगावर पडल्यापडल्या त्यांना इंजिन चालू झाल्याचा आवाज आला. पंखा लागला, बंद झाला. "सुई मध्यावर आहे, एकदम मस्त," असं शुभंकर बाहेर कुणाला तरी सांगत होता. उभ्या गाडीत दहा मिनिटं सुई मध्यावरच राहणार. गोळीनं डोळे जड झाले.

जाग आली तेव्हा रमा आणि इशिता निघून गेल्या होत्या आणि त्यांना गाडीत बसवणं चाललं होतं. शेजारच्या कुलदीपनं पाय धरले, शुभंकरनं बगलेत हात घातले. गाडी एवढी बुटकी की माणूस तिच्यात बसत नाही, उतरतो. डाव्या सीटवर त्यांना टेकवलं, पट्टा लावला, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. खोटं कशाला सांगू, त्या सीटच्या कातड्याचा वास आला आणि वकील क्षणभर कूलंटबिलंट सगळं विसरले. गल्ली, नदीवरचा पूल, मग हायवे. पाठीशी इंजिन गुरगुरत होतं. मरू दे, असंसुद्धा एकदा मनात येऊन गेलं. जाऊ तिथवर जाऊ.

शुभंकर बोलत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि तोंड सुटलेलं. "बाबा, एक सांगू? मला तुमच्याशी बोलायची कायम भीती वाटायची. दहावीचा निकालसुद्धा मी आधी आईला सांगितला, तुम्हाला आठवतं का? मी काही बोललो की तुम्ही लगेच एक प्रश्न विचारायचे आणि मी गप्प. आता तसं होत नाही. आता बोलता येतं." आणि तो हसला. वकिलांना ते लागलं, आणि खरं असल्यामुळे जास्तच लागलं.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि तापमानाची सुई मध्यावरून बोटभर वर सरकली. वकिलांना ती बसल्याजागेवरून दिसत होती. त्यांनी डावा हात निर्जीव उजव्या हातावरून ओलांडून नेला, हीटरची मूठ पुरी गरमवर फिरवली आणि पंखा चालू केला. इंजिन तापू लागलं की हीटर लावायचा. तेवढीच उष्णता बाहेर निघते. मग त्यांनी तळवा झरोक्यासमोर धरला. पाणी फिरत असतं तर तळवा भाजला असता. आली ती नुसती बाहेरची हवा. हीटरमध्ये पाण्याचा थेंब पोचत नव्हता.

"बाबा, मे महिन्यात हीटर?" शुभंकरनं मूठ परत फिरवली आणि एसी लावला. "उकडून राहिलं का? थांबा, आत्ता गार होईल."

एसीनं इंजिनावरचं ओझं वाढवलं, दुसरं काय. वकिलांनी पुन्हा हात नेला. शुभंकरनं तो हात हलकेच धरला, दाबला, आणि लहान मुलाचा धरावा तसा थोडा वेळ धरूनच ठेवला. त्याला वाटलं, बाबांना हात हवाय. काटेपूर्णा गेलं. सुई लाल रेघेच्या जवळ आली होती. शुभंकरनंही ती बघितली, वेग कमी केला, ओठ चावले. मूर्तिजापूर ओलांडलं आणि सुई एकदम खाली पडली, थेट तळाशी.

"बघा! वारा लागला आणि झाली थंड. उगाच घाबरलो मी."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. सुई पाण्याची उष्णता मोजते. पाणीच राहिलं नाही तर ती काय मोजणार, कपाळ? आतलं पाणी वाफ होऊन मोजणाऱ्या सेन्सरपासून हटलं होतं. त्यांनी डाव्या हातानं डॅशबोर्डवर ठोकलं, काचेवर ठोकलं, दाराची कडी ओढायला गेले. शुभंकरनं दार लॉक केलं. "बाबा, आलंच आता बडनेरा. थोडा दम धरा." गोडसर करपट वास आत आला. मागच्या काचेपलीकडे पांढरं काहीतरी उठलं, गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. शुभंकरनं ती रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली कशीबशी घेतली.

कुरूम गाव अजून पुढे होतं. दोन्ही अंगाला नांगरून पडलेली काळी वावरं, आणि उन्हात माणूस नाही. शुभंकर उतरला, मागचं झाकण उघडलं, आणि वाफेचा लोट निंबाच्या फांद्यांपर्यंत गेला. वकिलांना मागे वळता येत नव्हतं. डाव्या बाजूच्या आरशात त्यांना एवढंच दिसत होतं: उघडं झाकण, शुभंकरचा खांदा, त्याचे हात. इंजिन गेलं, हे त्यांना कळलं होतं. सव्वीस वर्षं सांभाळलेली गाडी गेली. पण त्याचं त्यांना त्या घडीला काही वाटलं नाही, कारण आरशात शुभंकरनं खिशातून रुमाल काढला होता आणि तो त्याची घडी घालत होता.

तो कूलंटचं टोपण उघडणार होता.

आत उरलंसुरलं उकळतं पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. टोपण सैल झालं की ते कारंज्यासारखं तोंडावर येतं. तरुण असताना वकिलांनी बार्शीटाकळीच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याचं तोंड असं सोललेलं पाहिलं होतं. त्याला जीपमध्ये घालून त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. आणि शुभंकर तर वाकून, डोळे बारीक करून, अगदी वरून बघत होता. काहीही बघायचं तर जवळ तोंड नेऊनच बघायची त्याची सवय.

वकिलांनी हॉर्नवर डावा हात मारला. आडवं पडून, पट्टा छातीत रुतवून. हॉर्न वाजला. आरशातले हात थांबले आणि शुभंकर दाराशी आला.

"काय बाबा? पाणी हवं का?"

"ता. ता. ताता."

"आलोच. दोन मिनिटं."

तो मागे वळला, तोच एक मोटारसायकल येऊन थांबली. साठीकडे झुकलेला शेतकरी, डोक्याला दुपट्टा, मागे बांधलेली पाण्याची मोठी कॅन. नाव त्यानं आपणहूनच सांगितलं. "मी जानराव, या पलीकडच्या वावरातला. काय झालं साहेब, तापली का?"

"हो ना. पाणी संपलं वाटतं."

"मंग भेव काहाचं? पानी हाय न माह्यापाशी." त्यानं कॅन सोडली, डाव्या बाजूनं उचलून आणली आणि वकिलांच्या दाराजवळ टेकवली. "आमचा ट्रॅक्टर तं रोज तापते. टोपन खोला अन् टाका पानी. गरम असलं तरी चालते, फडकं धरा फक्त."

झालं. एकाला दुसरा भेटला. वकिलांनी पुन्हा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शुभंकर आला. आता त्याच्या कपाळावर आठी होती, पण आवाज त्यानं सांभाळला. "बाबा, प्लीज. मी इथंच आहे." त्यानं तो हात हॉर्नवरून काढून मांडीवर ठेवला आणि दार पुढे लोटलं. ते नीट लागलं नाही. तो चार पावलं गेला आणि हॉर्न परत सुरू झाला. जानराव म्हणाला, "बुढ्याले काही पाह्यजे वाटते."

"नाही हो. आजारी आहेत. वाजवू द्या, तेवढंच मन रमतं."

हॉर्न वाजत राहिला आणि आता त्याला काही अर्थ उरला नाही. आरशात शुभंकरनं रुमाल टोपणावर ठेवला. एकदा चटका बसून हात मागे घेतला, रुमालाची आणखी एक घडी घातली.

दीड वर्षात एकेक करून सगळं हातचं गेलं होतं. खाणं दुसऱ्याच्या हातानं, दाढी दुसऱ्याच्या हातानं. पण एक गोष्ट वकिलांनी जाऊ दिली नव्हती. लघवी लागली की ते पलंगाच्या लाकडावर डाव्या हातानं टकटक करायचे; रात्र असो, दुपार असो, रमा येईपर्यंत दात दाबून थांबायचे. एकदाही चादर ओली झाली नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी घालायचं काढलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं असा काही दंगा केला की तो विषय परत निघाला नाही. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे, पण रमा धुतलेल्या पायजम्याची घडी करताना त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघायची, तिच्यात त्यांना अजून नवऱ्याचा मान होता.

त्यांनी दार ढकललं. डावा पाय उचलून बाहेर टाकला. आणि मग, सगळा जन्म जे आवरलं ते आवरणं त्यांनी सोडून दिलं. सुरुवातीला जमेना. शरीरच ऐकेना. आरशात टोपणावर दोन्ही हात दिसत होते. मग जमलं. पायजमा गरम झाला, सीट गरम झाली आणि पायावरून धार मातीत उतरली, जानरावच्या कॅनजवळ.

जानरावनं खाली बघितलं. "साहेब," तो म्हणाला, "ते टोपन राहू द्या. पयले इकडं या. तुमच्या वडलाले झाली."

शुभंकरचे हात टोपणावरून निघाले.

तो आला आणि दाराशी नुसता उभा राहिला. काय करतात अशा वेळी ते त्याला माहीतच नव्हतं. घरी सगळं आई करायची. मग जानरावनंच पट्टा सोडला, दोघांनी मिळून वकिलांना बाहेर काढलं आणि निंबाच्या बुडाशी टेकवून बसवलं. ओला पायजमा निघता निघेना. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक बस गेली, खिडक्यांतून माणसं बघत गेली. वकिलांनी मान निंबाकडे वळवली. जानरावनं कॅन उचलली आणि इंजिनासाठी आणलेलं पाणी शुभंकरच्या ओंजळीत, वकिलांच्या मांड्यांवर, सीटवर थोडंथोडं करत सगळं ओतलं. मग डोक्याचा दुपट्टा सोडला. "घ्या, हे गुंडाळा. राहू द्या, आमच्या घरी लय हायेत."

"तुमचं पाणी संपलं."

"मानूस पयले," जानराव म्हणाला आणि रिकामी कॅन बांधून निघून गेला.

शुभंकरनं दुपट्टा नेसवला, गाठ सुटली, परत बांधली. मूर्तिजापूरला फोन करून गाडी ओढून न्यायला माणूस सांगितला. एवढं होईतो सावली बरीच लांबली होती आणि इंजिनातलं उरलंसुरलं पाणी वाफ होऊन निघून गेलं होतं. मग तो उठून सहज गाडीच्या मागे गेला आणि त्यानं टोपण फिरवलं. बारीकसं फुस्स झालं, बस.

"काहीच नाही," तो तिथूनच म्हणाला. "आत थेंब नाही."

तेवढ्यात फोन वाजला, रमाचा होता. शुभंकर वकिलांपासून हातभर अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून बसला आणि बोलला; दबक्या आवाजात बोलला, हे विसरून की त्यांचे कान शाबूत आहेत.

"आई, घाबरू नको. गाडी बंद पडली. इशिताला पाठव आम्हाला न्यायला... नाही, बाबा ठीक आहेत. म्हणजे, त्यांना कळलं नाही, कपड्यातच झाली. हो. हो ना, पहिल्यांदाच... आता काय म्हणायचं. हॉर्नशी खेळत होते, हीटर लावत होते. मला वाटतं, डोक्यावरही परिणाम व्हायला लागला आहे. आपणच मान्य करत नव्हतो." तो थोडा वेळ ऐकत राहिला. पलीकडे रमा रडत असावी. "माझंच चुकलं. मीच हट्ट केला. यापुढे बाहेर नाही न्यायचं त्यांना, घरीच बरे आहेत. गाडीचं बघू, देऊन टाकू कुणाला तरी. आणि ऐक, येताना इशिताला मेडिकलमधून डायपर घ्यायला सांग. मोठ्या माणसांचे. नाही ग, आजच्यापुरते नाही. रोजचेच."

वकील त्याच्या मानेकडे बघत होते. घामानं चिकटलेले केस, लहानपणी पडून झालेली कानामागची खूण. डोक्यात वाक्य तयार होतं, दोनच शब्दांचं: तू वाचलास. ते त्यांनी बाहेर काढायचा प्रयत्न केला नाही.

शुभंकर वळला. बाबांचे गाल ओले बघून जवळ सरकला आणि त्यानं तळव्यानं ते पुसले. "होतं असं कधी कधी बाबा. त्यात रडण्यासारखं काय आहे?" तो वाकला होता, त्याचा चेहरा अगदी समोर होता, आणि त्या चेहऱ्यावर कुठेही काही झालेलं नव्हतं.